गोविंदराव टेंबे : पट्टीच्या पलीकडचा सूर

(कराड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



प्रीतिसंगमाच्या या गावात पावसाळी संध्याकाळी एवढी मंडळी पेटीवरचं भाषण ऐकायला आली, याचा आम्हाला आनंद आहे आणि थोडी धास्तीही आहे. आम्ही गवई नाही, पेटीवाले नाही. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा गोविंदराव टेंब्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असं कुणी विचारलं तर दोन उत्तरं आहेत. एक, आम्ही साठ वर्षं ऐकत आलो आहोत. दुसरं, पेटीच्या बाबतीत आम्ही तरुणपणी एक ठसठशीत चूक केली होती. ती पुढे ओघात सांगू.

सुरुवात जरा लांबून करतो. युरोपातल्या एखाद्या मैफली पियानोवादकाची ओळख करून देतात तेव्हा दोन गोष्टी सांगतात. कुठे कुठे वाजवलं, आणि काय काय वाजवलं. पहिली झाली कारकीर्द. दुसरीला तिकडे एक भारदस्त शब्द आहे, आपण आज साधं 'पोतडी' म्हणू. वादकाच्या पोतडीत काय आहे? समजा लिथुआनियाचा पियानोवादक आहे. त्याच्या पोतडीत बाख असणार, बेथोव्हनच्या बत्तीस सोनाटांपैकी काही असणार, शोपँ आणि लिस्ट असणार. आणि यांच्या शेजारी तो हमखास आपल्या देशाच्या चुर्ल्योनिसला बसवतो. हा चुर्ल्योनिस चित्रकारही होता आणि संगीतकारही. १९११ च्या एप्रिलमध्ये, पस्तिशीत गेला. देश एवढासा, पण त्याने कागदावर स्वर लिहून ठेवले म्हणून आजचा वादक ते पोतडीत घालून जगभर हिंडू शकतो.

आता त्याच १९११ सालात इकडे या. १२ मार्चला मुंबईत किर्लोस्कर मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं. खाडिलकर आपल्या सांगलीचे. आणि चाली ज्यांनी दिल्या ते गोविंद सदाशिव टेंबे, कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात १८८१ साली जन्मलेले, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. महाराष्ट्रात पेटीवादक म्हणून त्यांचा दबदबा होता. प्रश्न असा, की या माणसाच्या पोतडीत काय होतं? कागदावर लिहिलेलं असं पेटीसाठी काहीच नव्हतं. पेटीसाठी कुणी रचनाच केलेली नव्हती. मग तो वाजवत काय होता? आणि त्याला आपण थोर वादक म्हणतो ते कशाच्या जोरावर? आजचं भाषण एवढ्याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आधी कारकीर्द, थोडक्यात. गोविंदरावांनी कायद्याचा अभ्यास केला, कोल्हापुरात वकिलीही करून पाहिली. पण ते कोल्हापूर शाहू महाराजांचं. दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते. बाहेरचे गवई, नाटक मंडळ्या यांची ये-जा होती. अशा गावात ज्याला कान आहे त्याने कोर्टात किती बसावं! पेटी ते बव्हंशी स्वतःच्या हिमतीवर आणि ऐकून शिकले. पण कान घडवला तो गवयांनी. भास्करबुवा बखल्यांची साथ केली, त्यांची गायकी बोटात मुरवली. अल्लादियाखाँच्या गायकीचा ध्यास घेतला आणि पुढे त्यांचं चरित्रही लिहिलं. लक्षात घ्या, पेटीवाल्याचे गुरू गाणारे होते. सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

पुढे 'मानापमान'. मग १९१३ साली 'विद्याहरण'. त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव अशा तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. थोड्याच काळात गोविंदराव तिथूनही निघाले आणि त्यांनी शिवराज संगीत मंडळी काढली. नाटकं लिहिली. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, दुर्गाबाई खोटे तारामती, आणि हरिश्चंद्र कोण? आपले पेटीवाले गोविंदराव. संगीतही त्यांचंच. त्यानंतर लेखन : 'माझा संगीत व्यासंग', 'माझा जीवनविहार'. १९५५ साली ते गेले.

ही यादी ऐकल्यावर तुमच्या मनात जे आलं ते आमच्याही मनात येतं. या माणसाने पेटी नेमकी कधी वाजवली? युरोपातला वादक साठ वर्षं एका वाद्यापाशी बसतो. आपला हा माणूस वकील, पेटीवाला, चाली देणारा, मालक, नट, नाटककार, चरित्रकार! हा आक्षेप आम्ही बाजूला ठेवत नाही, त्याच्याकडे परत येऊ. पण त्याआधी वाद्याकडे बघितलं पाहिजे, कारण खरा खटला वाद्यावरच आहे.

पेटी ही आपली नव्हे. १८४० च्या दशकात पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिकडे ती पायाने भाता मारून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या उंचीवर आणलं, एक हात भात्याला आणि एक हात पट्ट्यांना. बघता बघता ती कीर्तनात, भजनात, नाटकात, मैफलीत शिरली. सारंगीला जुळवत बसावं लागतं, पेटी उघडली की तयार. पण त्या सोयीची किंमत होती.

किंमत कसली? हिशेबच मांडू. एका सप्तकाचे बाराशे भाग करा. पेटीवर बारा पट्ट्या समान अंतरावर, म्हणजे दर पट्टीला शंभर भाग. शुद्ध गंधार पेटीवर चारशेवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो असतो तीनशे शहाऐंशीवर. फरक चौदा भागांचा. कोमल गंधाराचं उलट : तंबोऱ्याशी जुळणारा तीनशे सोळावर, पेटीचा तीनशेवर. पंचमात मात्र फक्त दोन भागांचा फरक, तो सहसा कुणाच्या कानाला लागत नाही. म्हणून पेटी सगळीकडे सारखी बेसूर नसते. काही ठिकाणी चालून जाते, काही ठिकाणी खटकते. ही झाली पहिली तक्रार. दुसरी त्याहून गंभीर. पेटीत मींड नाही. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही. पट्टी दाबली की स्वर, सोडली की शांतता. आणि आपलं संगीत तर स्वरांच्या मधल्या जागेत राहतं. दरबारीचा गंधार झुलला नाही तर तो दरबारी कसला?

आता आपल्या भागाचा अभिमान वाटावा अशी हकीकत. या पहिल्या तक्रारीवर उपाय शोधायला माणूस निघाला तो आपल्याच सांगलीचा. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडून १९१० साली इंग्रजीत पुस्तक केलं. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमंट्स या आय.सी.एस. न्यायाधीशाची. साहेब आपल्या साताऱ्याला न्यायदान करत होते आणि उरलेल्या वेळात श्रुती मोजत होते! अब्दुल करीम खाँसाहेबांचा कानही देवलांच्या मदतीला होता. यातून 'श्रुती-हार्मोनियम' तयार झालं, लंडनच्या मूर अँड मूर कारखान्यात. बारा पट्ट्यांऐवजी बावीस श्रुती देणारं वाद्य. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ते मांडलं गेलं, आणि त्यावरून वादही झाला.

ते वाद्य पुढे कुणी वाजवलं? मैफलीत कुणी घेतलं? नाही घेतलं. साध्या पेट्या हजारोंनी खपल्या, श्रुतींची पेटी कुतूहलाची वस्तू झाली. का? देवलांची चिकाटी थोरच होती. पण आम्हाला वाटतं, प्रश्न मांडतानाच एक गफलत झाली. श्रुती ही मोजून एका जागी ठेवता येणारी वस्तू आहे, असं धरून चाललं गेलं. गाणाऱ्याचा गंधार कुठून येतो, कुठे निघालाय, त्यावर त्याची जागा ठरते. मुक्कामाचा पत्ता देता येतो, चालण्याचा पत्ता कसा देणार? बारा खुंट्यांच्या जागी बावीस खुंट्या ठोकल्या तरी त्या खुंट्याच.

बरोबर त्याच वर्षांत, इथून फार लांब नाही, गोविंदराव साधी पेटी वाजवत होते. आणि ऐकणाऱ्यांना त्यात भास्करबुवा ऐकू येत होते. हे कसं?

आता आमची चूक सांगण्याची वेळ आली.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नवे प्राध्यापक. सातारा जिल्ह्यातल्याच एका गावी गाण्याचा कार्यक्रम होता आणि प्रास्ताविक आमच्याकडे होतं. तरुण माणसाच्या हाती माईक आला की काय होतं, तुम्ही जाणताच. आम्ही तिथे ठासून सांगितलं, की पेटी हे वाद्य नाही, ती कुबडी आहे. पेटीने आपल्या गवयांचे कान बिघडवले. दोन-चार पाश्चात्त्य नावंही फेकली. बाजूला साथीचे पेटीवाले बसले होते, वयाने साठीचे. ते काही बोलले नाहीत. मुख्य गायकांची गाडी वाटेत अडकली होती, तेव्हा आयोजक त्यांना म्हणाले, बुवा, तोवर थोडं वाजवा. त्यांनी दरबारी वाजवला. अर्धा तास. आम्ही, सांगायला लाज वाटते, मान डोलवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गाठ पडली. ते म्हणाले, "सर, कालचा गंधार कसा वाटला?" आम्ही म्हणालो, "बुवा, काय झुलत होता!" ते हसले आणि म्हणाले, "सर, पेटीचा गंधार झुलत नाही. मी मध्यमाला नुसतं बोट लावून खाली यायचो, आणि भाता जरा सैल सोडायचो. बाकी झुलवला तो तुम्ही." आणि कपबशी खाली ठेवून उठले. कुबडीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

त्या एका वाक्याने आमचं जे शिक्षण झालं ते विद्यापीठाच्या पदवीने झालं नव्हतं. कारण ते शब्दशः खरं होतं. आम्ही आधी दरबारी गळ्यातून इतका ऐकला होता, की बोटाने नुसती दिशा दाखवली आणि उरलेला रस्ता आमच्या कानाने चालून टाकला. पट्टीत नसलेला सूर आमच्याकडून वाजवून घेतला गेला.

आता गोविंदरावांकडे बघा. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'कल्पना संगीत' आहे. ते नाव आम्हाला त्यांच्या सगळ्या वादनाचं सूत्र वाटतं. पेटीवादकाची कला पट्टी दाबण्यात नसते, ऐकणाऱ्याच्या कल्पनेला कामाला लावण्यात असते. त्यासाठी तीन हत्यारं. पहिलं भाता. पट्टी स्वर ठरवते, पण स्वराचा जन्म, वाढ, विरणं हे भात्याच्या हाती. गवई श्वास सोडतो तसा भाता सोडता आला पाहिजे. दुसरं कण. मुख्य स्वरावर येताना शेजारच्या स्वराला निसटता स्पर्श, इतका हलका की तो वेगळा ऐकू येऊ नये, पण त्याची ओढ जाणवावी. तिसरं, आणि सगळ्यात अवघड, निवड. जिथे पेटी खटकते तिथे थांबायचं नाही. गंधारावर मुक्काम टाळून पंचमावर, षड्जावर विसावायचं, आणि गंधार जाता जाता दाखवायचा. वाद्याचा दोष माहीत असणं हाच वादकाचा अर्धा गुण.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. पियानोची गोष्ट पेटीच्या बरोबर उलटी. पेटीचा स्वर वाकत नाही, पण टिकतो. पियानोचा स्वर टिकतही नाही. हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून तो मरायला लागतो. तरी आपल्या शिष्यांनी गाणारे ऐकावेत, पियानो गायला लावावा, असा शोपँचा आग्रह असे. जे वाद्य एक सूर धरून ठेवू शकत नाही त्याच्यावर गाणं! म्हणजे तो लिथुआनियाचा वादक आणि आमचा कोल्हापूरचा पेटीवाला एकाच धंद्यातले. दोघेही वाद्यात नसलेली गोष्ट वाजवतात. फरक पोतडीचा. त्याची पोतडी कागदाची, याची पोतडी श्रोत्याच्या कानात ठेवलेली.

इथपर्यंत गौरव झाला. आता समीक्षा म्हणजे नुसता हार घालणं नव्हे, म्हणून पुढचं.

गोविंदरावांचं वादन आपल्याला तपासायचं असेल तर त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा, आमच्या मते, 'मानापमान'च्या चाली आहेत. या चाली देताना त्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा, कजरीचा बाज मराठी रंगभूमीवर आणला, हे सगळे सांगतात. आम्ही त्यात एक भर घालू. या चाली पेटीवाल्याच्या बोटांनी विचार केलेल्या आहेत. त्यांत स्वर सुटे सुटे, स्वच्छ उभे आहेत. तुकडे छोटे, वळणं चपळ, लय उसळती. शब्द स्वरावर नेमका पडतो. ताणून धरण्यापेक्षा लपकन फिरण्यावर भर. आता शेजारी १९१६ चं 'स्वयंवर' ठेवा. तेही खाडिलकरांचंच, पण चाली भास्करबुवांच्या, म्हणजे गळ्याच्या माणसाच्या. तिथे ख्यालाच्या बंदिशी आहेत, स्वराला पसरायला अंगण आहे, आलापाला जागा आहे. गुरू-शिष्यांतला हा फरक प्रतिभेच्या उंचीचा नाही. एक चाल गळ्यात जन्मली, एक बोटात.

आणि गंमत अशी, की बोटात जन्मलेल्या चालींना गळा मिळाला तो बालगंधर्वांचा. पेटीला जे जमत नव्हतं, ती मींड, तो लाडिकपणा, ते बालगंधर्वांनी भरलं. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन भिन्न गळे, चाली त्याच. चाल मजबूत असल्याशिवाय दोन्ही गळ्यांना पेलत नाही. २०२५ साली त्याच नाटकावर नव्याने चित्रपट आला, संगीत नव्या माणसांचं. आवडला न आवडला हा भाग वेगळा, पण शंभर वर्षांनीही या नाटकाशी हिशेब मांडावासा वाटतो, एवढं खरं.

मग आक्षेप उरतो तो असा. गोविंदरावांनी आपली पोतडी गाणाऱ्यांना वाटून टाकली. पेटीसाठी काय ठेवलं? स्वतंत्र पेटीवादनाची रचना, आराखडा, वाजवायला घ्यावेत असे तुकडे? चुर्ल्योनिसचे सूर त्याच्या मृत्यूनंतर कुणीही वाजवू शकतं. गोविंदरावांची पेटी त्यांच्याबरोबर थांबली. नट व्हायचं, मंडळी चालवायची, चित्रपट करायचे, यात वादक मागे पडला, असं आम्हाला वाटतं, आणि ते न बोलणं हा त्यांचा आदर नव्हे. त्यांच्या प्रतिभेने प्रत्येक दार उघडून पाहिलं, आणि पेटीच्या खोलीत जेवढं राहायला हवं होतं तेवढी ती राहिली नाही.

पण हा दोष एकट्याच्या पदरात टाकता येईल का? पेटीवाल्याची जागा कुठे होती? गवयाच्या डाव्या बाजूला, जरा मागे. गवई दमला की भरायचं, गवई रंगला की गप्प राहायचं. तिकीट काढून फक्त पेटी ऐकायला किती जण जात? ज्या वाद्याला समाजाने साथीला बसवलं, त्याच्या कलावंताने पोट आणि प्रतिभा दोन्हींसाठी नाटकाकडे जाणं यात आश्चर्य काय?

आणि पुढे तर सरकारनेच दार लावलं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी. बंदी घालणाऱ्यांच्या बाजूला सामान्य माणसं नव्हती. आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स पेटीविरुद्ध लिहून गेले होते. रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. पुढे मंत्री झालेले आपले पुण्याचे केसकरही तिच्या बाजूचे नव्हते. बंदी सैल झाली ती १९७१ साली. म्हणजे गोविंदरावांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य देशाच्या रेडिओवर अस्पृश्य होतं. तीन दशकं खेड्यापाड्यांतल्या श्रोत्याला रेडिओवर चांगली पेटी ऐकायलाच मिळाली नाही. वाईट मात्र गल्लीगल्लीत मिळत होती.

बंदीवाल्यांचं म्हणणं चूक होतं का? कानाच्या पातळीवर नाही. चौदा भागांचा फरक खराच आहे. चूक होती ती अनुमानात. 'या वाद्यात श्रुती नाहीत' या विधानावरून 'या वाद्यावर रागसंगीत होऊ शकत नाही' हा निष्कर्ष निघत नाही. मधलं एक विधान गाळलं गेलंय : 'संगीत फक्त वाद्यात असतं'. ते विधानच खोटं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही हे उदाहरण बरीच वर्षं दिलं. आधी ती चूक स्वतः केली होती, म्हणून ते जरा जास्त मन लावून देत असू.

या बंदीच्या काळातही मंडळी वाजवत राहिली, हे मोठं. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे. मुंबईकडे पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर. आप्पा जळगावकरांनी साथ म्हणजे काय ते दाखवलं. नागपूरकडच्या मनोहर चिमोटे यांनी तर वाद्यात फेरफार करून त्याला 'संवादिनी' हे नावच दिलं आणि स्वतंत्र वादनावर आयुष्य वेचलं. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. गोविंदरावांनी जे अर्ध्यावर ठेवलं ते या लोकांनी पुढे नेलं. आज स्वतंत्र पेटीवादनाच्या मैफली होतात, लोक जातात. याची पायवाट पाडणाऱ्यांत गोविंदराव होते. रस्ता इतरांनी बांधला.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला आज मुख्यतः हाच सांगायचा होता.

आमच्या पेटीवाल्या बुवांचं वाक्य परत आठवा. बाकी झुलवला तो तुम्ही. याचा अर्थ असा, की पेटीची सगळी थोरवी एका उसन्या भांडवलावर उभी आहे, आणि ते भांडवल म्हणजे श्रोत्याचा गळ्याच्या गाण्याने घडलेला कान. गोविंदराव वाजवत होते तेव्हा त्यांच्या समोरच्या माणसाने भास्करबुवा ऐकले होते, अब्दुल करीम ऐकले होते. बोटाने खूण केली की कान रस्ता ओळखायचा. आज काय होतंय? आमची नातवंडं पहिला सूर कीबोर्डवर ऐकतात. मोबाईलवर सूर तपासायचं यंत्र आहे, त्यातला काटा हिरवा झाला की मूल खूश. त्या यंत्रातले बारा स्वर म्हणजे पेटीचेच बारा स्वर. तीनशे शहाऐंशीवरचा गंधार गायलेल्या मुलीला ते यंत्र सांगतं, 'तू कमी आहेस'. आम्ही घरातच हे पाहिलं. नात बरोबर गात होती आणि काटा लाल दाखवत होता. तिने गळा यंत्राप्रमाणे चढवून घेतला. आम्ही फोन बाजूला ठेवला, तंबोरा काढला, आणि पाच मिनिटं काही न बोलता छेडत बसलो. थोड्या वेळाने तिचा गंधार आपोआप खाली उतरला. ती म्हणाली, "आजोबा, आता गोड लागतोय." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ज्यांनी गळ्याचा दरबारी कधी ऐकलाच नाही, त्यांच्यासमोर उद्या गोविंदराव आले तरी काय वाजवणार? मध्यमाला बोट लागेल, भाता सैल होईल, आणि समोर काहीच झुलणार नाही. पट्टी ती पट्टीच राहील. तेव्हा फोल्ड्ससाहेब बरोबर ठरतील. पेटीला धोका तेव्हा बंदीचा होता, आता आहे तो न ऐकलेल्या कानाचा.

म्हणून आमची विनंती साधी आहे. घरात पेटी असेल तर ती जरूर वाजवा. पण मुलाला पेटी शिकवायची असेल तर आधी गाणं ऐकवा, तंबोऱ्यासमोर बसवा, गाऊ द्या. गोविंदराव ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने : आधी गवई, मग पेटी. क्रम उलटला की आपल्या हाती फक्त पट्ट्या उरतात. आणि 'अयोध्येचा राजा' अजून बघायला मिळतो, तोही बघा. त्यातला हरिश्चंद्र गाताना ऐकलात की कळेल, या पेटीवाल्याच्या आत एक गाणारा माणूस पहिल्यापासून बसला होता.

त्या रात्रीचे बुवा आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली. आज इतक्या लोकांसमोर ती मागतो आणि थांबतो.